पाठचं भावंड

१९९३ सालानंतर बरीच वर्षं आमच्या घरातली एक बाहुली भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. आडवी केली की डोळे मिटणारी आणि बसवली की उघडणारी, त्या काळी घरोघरी असायची तसलीच. फक्त हिची डावी पापणी अर्ध्यावर अडकायची, त्यामुळे तिच्या मनात सतत काहीतरी शिजतंय असं वाटायचं. तोपर्यंत मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मग बाबांनी आम्हाला टॉकीजला नेऊन ‘झपाटलेला’ दाखवला. त्या रात्री मी बाहुली उचलून कपाटावर ठेवली. तिथून ती माझ्याच गादीकडे बघते असं वाटलं म्हणून परत खाली काढली आणि शेवटी शोकेसमध्ये पाठमोरी बसवून टाकली. आई दिवाळीत काचा पुसताना तिला सरळ करायची, मी पुन्हा फिरवायचे. या विषयावर घरात कधी एक अक्षर बोललं गेलं नाही.

तात्या विंचू कोण हे मराठी माणसाला सांगायला नको. तरी परदेशात वाढलेल्या एखाद्या पुतण्यासाठी सांगते. तात्या विंचू हा गुंड. मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. मग त्याला कळतं की बाहुल्यातून सुटायचं तर लक्ष्याच्या, म्हणजे आपल्या लक्ष्मीकांत बेर्डेच्या, देहात शिरावं लागणार. बाकीचा सिनेमा म्हणजे लक्ष्याची पळापळ. गुंड झाले होते दिलीप प्रभावळकर, बाहुला रामदास पाध्यांचा, दिग्दर्शन महेश कोठाऱ्यांचं. हसता हसता पाय वर घेऊन बसायला लावणारा सिनेमा होता तो. टॉकीजच्या खुर्चीखाली काय काय असू शकतं, याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

वीस वर्षांनी, २०१३ च्या जूनमध्ये, ‘झपाटलेला २’ आला. तोही थ्रीडीत. भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता. मी त्याला मोठ्या तोऱ्यात घेऊन गेले. म्हटलं, आता बघ खरी भीती काय असते. माझ्या चष्म्यावर तो दुसरा काळा चष्मा बसेना, एका हाताने धरूनच बसले. आणि ज्या क्षणाची मी लहानपणी रोज रात्री धास्ती घेतली होती, तो क्षण खरंच आला: तात्या विंचू पडद्यातून निघून थेट माझ्या नाकासमोर. मला काहीच झालं नाही. भाच्याने हात लांब करून त्याला पकडायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, “आत्या, हा तर क्यूट आहे.”

खरं सांगायचं तर माझं लक्षच बाहुल्याकडे नव्हतं. मी लक्ष्याला शोधत होते. तो २००४ च्या डिसेंबरमध्ये गेला हे मला ठाऊक होतं. सिनेमा त्याच्या मुलाचा आहे आणि ती भूमिका आदिनाथ कोठारेने केली आहे, हेही वाचून गेले होते. तरी दार उघडलं की मान आपोआप तिकडे वळायची. लग्नाच्या घरात आपण असंच करतो. अमुक काका आता नाहीत हे माहीत असतं, तरी पंगतीत त्यांची नेहमीची कोपऱ्यातली जागा डोळे शोधतातच.

तेव्हापासून कुठल्याही सिनेमाचा पुढचा भाग येणार म्हटलं की मला तात्या विंचूच आठवतो. सगळा खटाटोप त्याच्या मंत्राचाच तर असतो. जुना देह संपला, आता नवा शोधा आणि आत्मा त्यात उतरवा. देह मिळणं सोपं. नाव तेच, पोस्टरवरची अक्षरं तीच, गाण्याची चाल तीच, पुढे एक आकडा लावला की झालं. आत्मा मात्र दर खेपेला मंत्राला बधतोच असं नाही.

निर्मात्याचं गणित मला समजतं. मराठी सिनेमाला शो मिळायची मारामार, मिळाले तर अशा वेळेचे की त्या वेळेला माणूस एक तर ऑफिसात असतो नाहीतर डोंबिवली लोकलमध्ये. शुक्रवारी लागलेला सिनेमा सोमवारी पडद्यावर दिसला तर नशीब. अशा वेळी नाव आधीच लोकांच्या तोंडी असेल तर निम्मी जाहिरात फुकटात होते. त्यामुळे पैशांसाठी काढतात हो, असं नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. पहिला भागही पैशांसाठीच काढला होता.

आणि आपल्याकडे पुढच्या भागाची खरी मागणी निर्माता करतच नाही, मावशी करते. शिक्षण झालं की “नोकरी कधी?” नोकरी लागली की “दोनाचे चार कधी?” चार झाले की “काय मग, गोड बातमी?” आणि ती गोड बातमी अजून धड रांगायलाही लागलेली नसते तोच “याच्या पाठीवर एक हवंच हो.” या मावशीने सुचवलेल्या क्रमाने निघालेली सिनेमांची मालिकाच आपल्याकडे आहे. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१० साली आला. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते आणि एका मुलाबरोबर दिवसभर गावभर हिंडते, एवढीच गोष्ट. दोघांना नावंसुद्धा नव्हती. २०१५ मध्ये दुसरा भाग आला, त्यात नावं आली, गौतम आणि गौरी. नावांपाठोपाठ आईवडील, आजी, साखरपुडा, वऱ्हाड, सगळं आलं. २०१८ च्या तिसऱ्या भागात अर्थातच पाळणा.

सतीश राजवाडेंनीच तिन्ही केले, जोडी तीच. दुसऱ्या भागात लग्न ठरल्यावर पोटात येणारा गोळा मला पटला, कारण माझ्याही आला होता. तिसरा मी घरी टीव्हीवर लसूण सोलता सोलता बघितला आणि सबंध गड्डा संपला तरी काही चुकल्यासारखं वाटलं नाही. त्या दोघांना नावं नव्हती तेव्हाच ती मला जास्त ओळखीची वाटायची. आडनाव कळलं की आपण लगेच ‘कुठले?’ विचारतो आणि मग गोष्ट भलतीकडेच जाते.

आमच्या सासूबाईंना सिनेमात फारसा रस नाही, पण या विषयावर नकळत सर्वांत नेमकं त्यांनीच सांगितलंय. विषय होता फोडणीच्या पोळीचा. नवीन लग्न झालं तेव्हा एका सकाळी मी हौसेने ताज्या पोळ्या करून त्यांचाच कुस्करा केला. मोहरी, कढीलिंब, कांदा, हळद, तिखट, चिमूटभर साखर, सगळं रीतसर. कढईत जो काही गोळा झाला तो डब्यात कोंबायलाही लाज वाटली. सासूबाईंनी उलथन्याने तो एकदा टोचून बघितला आणि म्हणाल्या, “अगं, तिला एक रात्र तरी जाऊ द्यायची.” पोळी शिळी व्हावी लागते, जरा सुकावी लागते, तेव्हा कुठे ती हाताने कुस्करली की सुटी होते, पाण्याचा हबका सोसते, फोडणी अंगाला लावून घेते.

सुपरहिरोंच्या सिनेमांत ती रात्रच जाऊ देत नाहीत. मुलाच्या नादाने मी त्यातले बरेच बघितलेत. गोष्ट संपते, दिवे लागतात, दहा मिनिटं इंग्रजी नावं वरवर सरकत राहतात. झाडूवाला दारात येऊन आमच्या उठण्याची वाट बघत उभा असतो आणि आम्ही हलत नाही. कारण नावं संपल्यावर पुढच्या सिनेमाचा एक तुकडा दाखवतात म्हणे. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून ही खोड लागली. सासूबाईही रात्रीच्या दोन पोळ्या मुद्दाम जास्त करतात, पण म्हणून ताटातली पोळी अर्धी कच्ची वाढत नाहीत.

मुन्नाभाईंनी मात्र ती रात्र जाऊ दिली होती. पहिला २००३, दुसरा २००६. माणसं तीच, म्हणजे मुन्ना तोच आणि सर्किट तोच, पण मागच्या वेळी मुन्नाचं लग्नबिग्न झालं होतं ते सगळं गुपचूप पुसून टाकलं आणि गोष्ट पहिल्यापासून मांडली. कुणीही उठून “चिंकी कुठे गेली?” असं विचारलं नाही. मी तरी नाही विचारलं. आणि त्यात मुन्नाला गांधीजी दिसतात. ते गांधीजी कोण, तर दिलीप प्रभावळकर! राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला त्यांना. म्हणजे बाहुल्यात शिरून ज्या माणसाने माझी झोप उडवली, तोच तेरा वर्षांनी पंचा नेसून समोर बसला आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो तो असा. तिसऱ्या मुन्नाभाईची वाट बघण्यात लोकांची निम्मी हयात गेली, तो काही अजून आलेला नाही. न येईना.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये ‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग आला, तोही पुन्हा वीस वर्षांनीच. पहिल्या वेळी सगळे एसटीने गणपतीपुळ्याला निघाले होते, या वेळी कोकण रेल्वेने. अशोक सराफ तेव्हा कंडक्टर होते, आता टीसी झाले. यापलीकडच्या गोष्टीबद्दल मला विचाराल तर थातुरमातुरच सांगता येईल. मला आठवतंय ते एवढंच, की डब्यात काळा कोट दिसला आणि आमच्या रांगेतल्या एक आजी चपला काढून मांडी घालून बसल्या होत्या, त्या एकदम टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळेच. विनोद अजून झालाच नव्हता. माणूस धडधाकट आहे, चालतोय, तिकीट मागतोय, एवढ्यावरच त्या टाळ्या होत्या. मीही त्यासाठीच दोनशे की अडीचशे रुपये मोजले होते. घरी येऊन नवऱ्याने विचारलं, कसा होता? म्हटलं, छान आहेत, तब्येत बरी दिसली.

आणि म्हणूनच ‘अशी ही बनवाबनवी’ला पाठचं भावंड नाही, याचं मला मनापासून बरं वाटतं. १९८८ चा सिनेमा. रविवारी दुपारी कुठल्या तरी चॅनलवर लागतो आणि घरातला जो तो आपापलं वाक्य नटाच्या एक क्षण आधी म्हणतो. मूळ कल्पना आपली नव्हतीच, हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली. पण आत्मा पुण्यातल्या बिऱ्हाडात येऊन असा काही स्थिरावला की मूळ देह कुणाला आठवतही नाही. त्याचा पार्ट टू काढायचा म्हटलं तर कुणाला घेऊन? त्या चार मित्रांपैकी दोघे, सिद्धार्थ रे आणि लक्ष्या, २००४ या एकाच वर्षात गेले. सुधीर जोशी त्याच्या पुढच्या वर्षी. रविवारी दुपारी दोन ते पाच मात्र ते सगळे हजर असतात.

नाटकवाल्यांना हा प्रश्न पडत नाही. नट गेला, थकला, सिरियलला गेला, की जाहिरातीत ‘नव्या संचात’ छापायचं आणि पडदा वर न्यायचा. बघणारे “पूर्वीचा तो काय काम करायचा!” म्हणत म्हणत दोन अंक बघतात, मध्यंतरात बटाटावडा खातात, आणि तिसऱ्या अंकात नव्या माणसालाही टाळी देतात. त्या रडगाण्यातही एक मोकळेपणा असतो. गेलेल्याला गेलेला म्हणायची सोय असते.

सिनेमाला ती सोय नको झालीय बहुतेक. मध्यंतरी ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाचं बोलणं कानावर आलं, आणि एआयच्या मदतीने लक्ष्या त्यात पुन्हा दिसेल अशीही चर्चा झाली. मी ती बातमी दोनदा वाचली. तात्या विंचूला आख्खा सिनेमाभर धावून जे जमलं नाही, ते म्हणजे लक्ष्याच्या देहात दुसऱ्याच कुणीतरी शिरणं, ते आता खरंच होऊ शकतं! मला ते बघायचं नाही. निघालाच तर पहिल्या आठवड्यात मी तिकीट काढून जाणार, हेही मला माहीत आहे.

ती बातमी मी भाच्याला पाठवली होती. तो आता पुण्यात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे माहेरी जमलो तेव्हा त्याने शोकेस उघडली, बाहुली समोर तोंड करून बसवली, मागून मोबाइलचा टॉर्च मारला आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘पार्ट थ्री’. सगळ्यांनी हसून लोळणारे चेहरे पाठवले. मीही पाठवला.

रात्री पाणी प्यायला उठले. बाहेरच्या खोलीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता, आकाशकंदिलाचाही थोडा. डावी पापणी अजून अर्ध्यावरच होती. मी दिवा न लावता काच सरकवली आणि तिला भिंतीकडे फिरवून ठेवली.

सकाळी चहाच्या वेळी आईने एकदा शोकेसकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि साखर किती घालू ते विचारलं.