दाभोळच्या धक्क्यावर दहा विकेटी

दापोलीहून निघायला उशीर झाला तो मेव्हण्याच्या दुसऱ्या चहापायी. दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तर फेरीबोट नुकतीच सुटलेली, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पलीकडे धोपावे दिसतंय, पण गाडीनं जायचं तर चिपळूणमार्गे भलामोठा वळसा. मग बसलो. फेब्रुवारीचा शेवट, ऊन चांगलंच चढलेलं, वाशिष्ठीच्या खाडीवरून वारा येत होता आणि त्यात वाळत घातलेल्या सुकटीचा वास. मला तो आवडतो. मेव्हण्यानं नाकाला रुमाल लावला.

सरबताच्या टपरीवर सत्तरीचे एक काका लिंबं कापत होते. शेजारच्या बाकावर मुंबईहून आलेले एक चाकरमानी. मेव्हण्याच्या टी-शर्टवर दहा नंबर होता, तेवढं निमित्त पुरलं.

"सचिनवाले काय?" काकांनी विचारलं.

झालं. मेव्हण्यानं शारजा काढलं. 1998 चा एप्रिल, वाळूचं वादळ, खेळ थांबला आणि वादळानंतर सचिननं ऑस्ट्रेलियाला कसं धुतलं, 143! दोनच दिवसांनी स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी फायनलला 134. हे सगळं तो असं सांगतो की जणू वाळू ह्याच्याच डोळ्यांत गेली होती. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण वादळवाली मॅच आपण हरलो होतो हो."

मेव्हणा गप्प. खरंच हरलो होतो, 26 धावांनी. फायनल गाठण्यापुरत्या धावा झाल्या होत्या, म्हणून ती हार कुणाला आठवतच नाही.

चाकरमान्यांनी मग कपिलचे 175 काढले. झिम्बाब्वेविरुद्ध 5 बाद 17 असताना कपिल कसा उभा राहिला, ते टीव्हीवर स्वतः पाहिलंय म्हणाले. आता, 18 जून 1983 च्या त्या सामन्याचं चित्रीकरणच झालेलं नाही. मी तोंड उघडणार होतो, पण गृहस्थ फटके इतके रंगवून मारत होते, तेही हातातल्या छत्रीनं, की म्हटलं राहू दे. इतक्या वर्षांत त्यांनी ते पाहिलं असेलही.

काकांना मात्र बॅटिंगमध्ये फारसा रस नव्हता. त्यांचं सगळं बॉलरांवर. 1971 चं लंडनचं ओव्हल मैदान, चंद्रशेखरचे 38 धावांत 6, इंग्लंड 101 मध्ये खलास. पोलिओनं अधू झालेल्या हातानं तो बॉल टाकायचा, हे सांगताना त्यांनी स्वतःचा उजवा हात सैल सोडून दाखवला. मी विचारलं, सगळे बॅट्समनच्या आठवणी काढतात, तुम्हाला बॉलरच कसे आठवतात? तर म्हणाले, "आम्ही रेडिओवाले. रेडिओवर बॉलरच आधी येतो. तो धावत निघाला, अंपायरला ओलांडलं, बॉल टाकला... मग बॅट्समननं काय केलं ते. तुमच्या टीव्हीत काय, बॉल जातो कुठं तेवढंच बघता."

हे मला आजवर सुचलं नव्हतं. बाळ पंडितांची मराठी कॉमेंट्री मीही लहानपणी ऐकली आहे, पण असा विचार कधी केला नाही. काकांच्या घरी सेल उतरले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे आणि पुन्हा घालून तासभर चालवायचे. विकेट पडायच्या वेळी नेमकी खरखर सुरू व्हायची.

लक्ष्मणचे 281? तेही रेडिओवरच. 14 मार्च 2001 ला कोलकात्यात तो आणि द्रविड दिवसभर खेळले, 4 बाद 254 वरून 4 बाद 589, एकही विकेट नाही. "अख्खा दिवस वाडीत लाइट नाही," काका म्हणाले, "आणि खाडीपलीकडे हा एवढा वीजप्रकल्प!" त्यांनी सुरीनंच अंजनवेलची दिशा दाखवली. "पण दुसऱ्या दिवशी विकेटी कुणी काढल्या ते विचारा की. हरभजन. मॅचमध्ये तेरा. पहिल्या डावात हॅटट्रिक. फलंदाजीची गोष्ट अजून चालते, ह्याची नाही."

मग आला कुंबळे. 7 फेब्रुवारी 1999, दिल्लीचा कोटला, पाकिस्तानला 420 हव्यात आणि बिनबाद 101. तिथून सगळे दहाच्या दहा कुंबळेला, 74 धावांत. ह्यातलं काकांचं लाडकं पात्र मात्र श्रीनाथ. नऊ झाल्यावर चुकून आपल्याला विकेट मिळू नये म्हणून तो स्टंपपासून लांब लांब बॉल टाकत होता. "विकेट न काढायला किती अक्कल लागते!" शेवटचा अक्रम, शॉर्टलेगला, बॅटच्या अगदी जवळ, झेल. कुणी घेतला? मी आठवत बसलो. "लक्ष्मणनंच," काका म्हणाले.

कुंबळे कसा टाकायचा ते दाखवायला त्यांनी एक आख्खं लिंबू घेतलं, दोन बोटं वर, तिसरं मुडपून खाली, अंगठा नुसता टेकलेला. मनगट उंच. लिंबू फळीवर आपटून सरळ, जरा जास्तच उसळून बरणीवर आलं. वळलं अजिबात नाही. "हेच," ते म्हणाले. "वळेल वळेल म्हणून बॅट्समन खेळतो आणि हे असं अंगावर येतं." सून आतून ओरडली, "बाबा, बरणी!"

बोट लागली. लोखंडी फळी खडखडत खाली आली, मोटरसायकली आधी घुसल्या. पैसे देताना काकांनी ते लिंबू मेव्हण्याच्या हातात ठेवलं.

संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपाशी त्यानं ओल्या वाळूवर ते चाळीसएक वेळा टाकलं. बोटं तशीच, मनगट उंच. एकदाही वळलं नाही. कुंबळेचाही कुठं फार वळायचा, असं त्याचं म्हणणं.