तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चिनी मालिकेबद्दल एकदाचं

गेली चार वर्षं हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून येतोय. ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, आणि परवा भाचीचा थेट मेसेज: "मावशी, 'द अनटेम्ड' चांगली आहे की नाही ते एकदा धड सांग. तूच सगळ्यांना बघायला लावतेस आणि तूच तिच्यातल्या चुका काढत बसतेस." त्याच्या मागोमाग ठरलेलं वाक्य, पन्नास भागांची चिनी परीकथा तीन-तीनदा बघण्यासारखं त्यात आहे तरी काय?

आजवर मी "बघ, मग कळेल" म्हणून वेळ मारून नेली. ते बरोबर नव्हतं. तेव्हा आता सांगतेच.

चुका मी काढते, कारण त्या आहेत. २०१९ साली आलेली ही मालिका पहिले दोन भाग पाहून कुणालाच कळत नाही. नायक सुरुवातीलाच कड्यावरून खाली पडतो, सोळा वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या नावानं जागा होतो, भोवती लांब बाह्यांची पंचवीस माणसं, आणि प्रत्येकाला किमान दोन नावं. नायक वेई यिंग म्हणजेच वेई वूशियान, त्याचा सोबती लान झान म्हणजेच लान वांगजी. घरात बंडू आणि पत्रिकेत वसंतराव असतो तसंच आहे ते, पण आपल्याला आधी कुणी सांगत नाही. मग कथा मागे जाते ती जवळजवळ तीस भाग मागेच राहते. गुहेतलं ते राक्षसी कासव संगणकावर इतकं कच्चं बनवलंय की पहिल्यांदा पाहताना मी टीव्ही बंद करणार होते. मूळ कादंबरीत नायक प्रेतं उठवतो. चिनी पडद्यावर भुताखेतांचं वावडं, म्हणून इथे प्रेतांच्या जागी गळ्यावर काळ्या शिरा रंगवलेली 'कळसूत्री माणसं' आली, आणि सगळ्या अनर्थाचं खापर फोडायला एक शापित लोखंड घुसडलं गेलं. त्या लोखंडाच्या तुकड्यांमागे मालिकेचे कितीतरी तास वाया गेलेत.

हे सगळं मान्य. पण "तुला त्या दोन देखण्या पोरांसाठीच आवडते" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्या दोघांचं काय नातं आहे, हेही मला दबक्या आवाजात विचारलं जातं. मोशियांग थोंगशियू या लेखिकेच्या कादंबरीत ते सरळ प्रेम आहे. टीव्हीवर ते दाखवता येणार नव्हतं, म्हणून मालिकेनं 'जिवलग' हा शब्द घेतला, चिनीत 'झीजी', आपलं मन जाणणारा. बंधन बाहेरून आलं हे खरंच, पण त्यातून जे निघालं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. लान घराण्यातली माणसं कपाळाला पांढरी पट्टी बांधतात. घरच्यांशिवाय आणि जन्माच्या जोडीदाराशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. थंड पाण्याच्या गुहेत वेई वूशियानच्या जिवावर बेततं तेव्हा तीन हजार नियम पाठ असलेला हा मुलगा ती पट्टी सोडतो आणि त्याच्या मनगटाला बांधतो. तोंडातून अक्षर नाही. पुढे सोळा वर्षांनी, डोंगरात कुणीतरी कसातरी कापलेल्या बांबूच्या बासरीवर एक धून वाजवतं. ती धून लान वांगजीनं स्वतः रचलेली, आयुष्यात एकालाच ऐकवलेली. तो गर्दीतून येऊन वाजवणाऱ्याचं मनगट धरतो. बस्स, एवढंच. त्या एका पकडीसाठी मी कासव माफ केलं.

पण तीन वेळा पाहण्याचं कारण हे नव्हे. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्यांदा मी एकटीनं पाहिली, २०२० च्या टाळेबंदीत. दुसऱ्यांदा आईबरोबर. २०२१ च्या जानेवारीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती मिरजेहून पुण्याला माझ्याकडे आली आणि दुसऱ्या लाटेत इथेच अडकली. इंग्रजी सबटायटल्स तिला वाचता येण्यातली नव्हती. दिवेलागणीनंतर मी एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगायची. रोज दोन भाग. आईनं सगळ्यांना आपली नावं देऊन टाकली. लान वांगजी 'पांढरेवाला'. नायकाचा मानलेला भाऊ ज्यांग चेंग 'रागीट'. आणि त्याची सख्खी बहीण ज्यांग यानली, जी दोघांसाठी कमळकाकडी आणि डुकराच्या बरगड्यांचं सूप करते, ती 'सूपवाली ताई'. सूपवाली पडद्यावर आली की आईचा चेहरा खुलायचा. म्हणायची, "आमची धाकटी अशीच. कुणी उपाशी आहे का, एवढंच तिला दिसतं."

धाकटी म्हणजे माझी मावशी.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. मावशीला दवाखान्यात ठेवलंय, ऑक्सिजन लावलाय. "तुझ्या आईला इतक्यात सांगू नकोस, घाबरेल उगाच. बरी होऊन घरी आली की सांगू." मी हो म्हणाले. आज त्या 'हो'बद्दल मी स्वतःशी भांडते, पण तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. आईचं वय, तिचं रक्तदाबाचं दुखणं, प्रवासाला बंदी. कळून ती करणार काय? मी गॅलरीत जाऊन दार ओढून घेऊन फोन घ्यायची आणि आत येऊन म्हणायची, ऑफिसचा होता.

दुसऱ्या संध्याकाळी मालिका नेमकी त्या भागावर आली. मला पुढचं माहीत होतं. यानलीचा नवरा मारला गेलाय, पदरी तान्हं मूल आहे, आणि ती रणधुमाळीत वेई वूशियानला शोधत येते. त्याच्यावर उगारलेल्या तलवारीच्या आड ती उभी राहते आणि जाते. मी आईला म्हटलं, नेट नीट चालत नाहीये, हा भाग सोडून पुढचा लावते. पुढचा लावला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सूपवाली कुठे गेली?" मी म्हटलं, "येईल पुढे."

पाचव्या दिवशी पहाटे मावशी गेली. अंत्यदर्शन नाही, काही नाही. महापालिकेच्या माणसांनीच सगळं उरकलं.

आई माझ्यासमोर रडली नाही. फक्त विचारलं, "कधीपासून आजारी होती?" मी सांगितलं. तिनं बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे आपण ते बघत बसलो होतो तेव्हा." मी गप्प. मग मी माझी बाजू मांडायला लागले, जी मी तेव्हापासून मांडतच आले आहे: आई, तिला बोलता येत नव्हतं गं, तोंडावर सारखा मास्क होता.

"ऐकता येत होतं ना?"

त्यानंतर दोन महिने टीव्ही लागला नाही. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी आईच म्हणाली, "ती तुझी मालिका लाव. गाळलास तिथून." तिला कधी कळलं होतं कोण जाणे. मी लावली. यानली शुभ्र वस्त्रांत आली, तिकडेही दुखवट्याचा रंग पांढराच. आई म्हणाली, "पांढरं नेसून आलीय." पुढे काही बोलली नाही. भाग संपल्यावर उठली, देवाजवळ बसली, आणि दुसऱ्या दिवशी "पुढचा लाव" म्हणाली.

आता खरा मुद्दा. ज्यांग चेंगच्या शरीरातलं 'सुवर्णबीज' शत्रूनं नष्ट केलेलं असतं. चिनी कल्पनेत साधना करून पोटात साठवलेलं तेज ते. ते गेलं की तलवारीवर स्वार होणं गेलं, घराण्याचा सूड गेला, जगण्यात राम उरला नाही. वेई वूशियान त्याला सांगतो, डोंगरावर एक सिद्ध योगिनी आहे, ती तुला बरं करील. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला वर पाठवतो. तिथे योगिनी वगैरे कुणी नसतेच. वैद्य वेन छिंग वेई वूशियानच्या पोटातलं बीज काढून ज्यांग चेंगला देते. दोन रात्री आणि एक दिवस, शुद्धीत ठेवून. यशाची खात्री अर्धीच. ज्यांग चेंगला पत्ताही नाही. पुढे वेई वूशियान तलवार बाळगत नाही म्हणून सगळं जग त्याला उद्धट म्हणतं, ज्यांग चेंगही म्हणतो, आणि हा हसून टाळतो. दोघांचं हाडवैर होईपर्यंत गुपित गुपितच राहतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पूर्णपणे वेई वूशियानच्या बाजूची होते. असा त्याग! न सांगता केलेला! नंतर वेन छिंगचा भाऊ वेन निंग ज्यांग चेंगच्या हातात वेई वूशियानची जुनी तलवार देतो. मालकाशिवाय कुणालाच ती म्यानातून निघत नाही, आणि ज्यांग चेंगच्या हातून ती सर्रकन निघते. तो वेड्यासारखा रात्रभर दिसेल त्याला धरतो, उपस म्हणतो, कुणालाच उपसता येत नाही. हे पाहताना मला वाटलं होतं, बरं झालं, आता तरी कळेल याला भावाची किंमत.

आई म्हणाली, "त्या रागीटाला कुणी विचारलं होतं का?"

"विचारलं असतं तर त्यानं घेतलंच नसतं."

"मग नसतं घेतलं. ते त्यानं ठरवायचं होतं."

मी वाद घातला. तिला यी-नगरची कथा आठवून दिली. आंधळा श्याओ शिंगछेन, स्वतःचे डोळे मित्राला देऊन बसलेला, ज्याला तीन वर्षं घरात ठेवून जेवू घातलं तो आपला वैरीच आहे हे कळतं, आणि त्याच्या फसवणुकीमुळे आपल्याच हातून निरपराध माणसं मेली हेही कळतं, तेव्हा तो स्वतःच्या गळ्यावरून तलवार फिरवतो. "बघ, खरं कळून काय झालं?" मी म्हटलं. आई म्हणाली, "त्याला मारलं ते खोट्यानं. खऱ्यानं नाही." मला हे अजूनही पुरतं पटलेलं नाही. न कळता तो जगला असता, सुखात. पण तसलं सुख मला स्वतःला चालेल का, याचं उत्तरही मला देता येत नाही.

शेवटाकडे आणखी एक गोष्ट बाहेर येते. ज्यांग चेंग मुळात शत्रूच्या हाती सापडला तो वेई वूशियानमुळेच. भाकरी आणायला गेलेल्या वेई वूशियानवर शिपायांची नजर पडू नये म्हणून हा स्वतः त्यांच्यासमोर धावला होता. त्यानंही ते कधी सांगितलं नाही. दोघं एकमेकांसाठी उद्ध्वस्त झाले, दोघांनी दडवलं, आणि त्या दडवण्यानंच त्यांच्यातलं सगळं नासलं. मालिका इथे कुणालाच सोडवत नाही. शेवटीही दोघं गळ्यात पडत नाहीत, वेगवेगळ्या वाटांनी जातात. माझ्या मते ही तिची सगळ्यात मोठी ताकद. चांगल्या हेतूनं केलेल्या गोष्टीचाही हिशेब तिनं मागितला.

आणि म्हणूनच मला तिच्या दुसऱ्या एका गोष्टीचा इतका राग आहे, जो कासवाचा नाही. कादंबरीत यानलीचा नवरा मरतो तो वेई वूशियानचा ताबा सुटल्यामुळे. त्याचीच शक्ती, त्याचीच चूक. मालिकेत तिथे दुसराच कुणी लपून बासरी वाजवत होता असं दाखवलंय. म्हणजे नायक निर्दोष! पोटातल्या बीजाबद्दल ज्या मालिकेनं त्याला उत्तर द्यायला लावलं, तिनंच इथे त्याचे हात धुऊन दिले. लोक म्हणतात, त्यानं काय बिघडलं, नायक चांगलाच राहिला की. बिघडलं. मला तो दोषी असायला हवा होता. दोषी असूनही लान वांगजीनं ज्याच्या बाजूनं उभं राहावं असा. माझ्या वेळीही लपून बासरी वाजवणारा कुणी नव्हता. 'हो' मीच म्हणाले होते.

तिसऱ्यांदा पाहिली ती मावशीच्या वर्षश्राद्धाला मिरजेला जाऊन आल्यावर, एकटीनं. या खेपेला ज्यांग चेंगकडेच बघत राहिले. देवळात रडत, ओरडत तो विचारतो की तू मला का सांगितलं नाहीस, तेव्हा मला त्याच्यात आई दिसली. आणि लगेच मनात माझंच उत्तर आलं: सांगितलं असतं तर चार दिवस नुसती तळमळली असतीस. दोन्ही एकाच वेळी खरं वाटलं. आजही वाटतं.

तर भाचीबाई, मालिका चांगली आहे. पहिले दोन भाग कळले नाहीत तरी थांबू नकोस, तिसऱ्यापासून वाट सापडते. नावं वहीत लिहून ठेव. शापित लोखंडाच्या भानगडीत फार शिरू नकोस. यानलीचा भाग मात्र गाळू नकोस. ज्यांग चेंग तलवार उपसतो तिथवर आलीस की मला फोन कर, रात्र झाली असली तरी कर. आजीही इथेच आहे, तिलाही बोलायचं असेल.