कोपरे शाबूत असलेले दगड

रविवार, रात्रीचे पावणेअकरा

सकाळी लेकीला घेऊन नॅशनल पार्कात गेलो होतो. तिला भूगोलाचा प्रकल्प आहे, 'नदीचे कार्य: खनन, वहन आणि संचयन'. मला दहिसर नदी बघायची होती. पाऊस ओसरल्यावर पाणी नितळ होतं आणि तळ दिसतो, ते हेच दोन-तीन आठवडे. पुढे नुसते दगड उरतात.

चित्र तिने कालच काढून ठेवलंय. दोन डोंगर, मधून निळी नदी, आणि काठाला बटाट्यासारखे गोल गोल गोटे, थेट उगमापासून. आज काठावर बसल्यावर तिची पंचाईत झाली. "बाबा, हे तर रस्त्यावरच्या खडीसारखे आहेत. नुसते मोठे."

खरंच होतं. तिने एक उचलून माझ्या हातात दिला. मुठीएवढा, काळा, अंगभर पांढरे ठिपके. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि मागाहून त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली, ते हे ठिपके. एका अंगाला ठिपके गळून नुसती भोकं उरली होती, आजीच्या न्हाणीतल्या पाय घासायच्या दगडासारखी. कडा बोथट झालेल्या, पण कोपरा कुठे होता ते बोटाला कळत होतं. मागची बाजू तर सपाट, कालच कड्यावरून निखळल्यासारखी.

पाण्याने दगड गुळगुळीत होतो असं आपण सर्रास म्हणतो. पण नुसतं पाणी काळ्या पत्थराचं फारसं काही वाकडं करू शकत नाही. दगडाला दगडच झिजवतो. पुरात ते घरंगळतात, एकमेकांवर आपटतात, आणि वाळू घेऊन धावणारं पाणी त्यांना पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. त्यातही क्रम आहे. आधी कोपरे जातात, लांबी-रुंदी जवळजवळ तशीच राहते. अंग गोल झालं की मग कुठे दगड लहान व्हायला लागतो. आमच्या दहिसर नदीची अख्खी लांबी जेमतेम १२ किलोमीटर. डोंगरात उगवायचं, दौलतनगरवरून जायचं आणि मनोरीच्या खाडीत संपायचं. एवढ्यात गोटा घडायचा कसा?

शिवाय दगड बहुतेक वेळ चालतच नाही. वर्षातले मोजके दिवस, त्यातलेही काही तास. एक उडी, दोन कोलांट्या, की पुन्हा पुढच्या मोठ्या पुरापर्यंत बैठक. हान्स अल्बर्ट आइनस्टाइन, म्हणजे त्या आइनस्टाइनचा थोरला मुलगा, याच गोष्टीच्या मागे लागला होता. १९३६ साली झुरिचला त्याने डॉक्टरेट मिळवली ती तळातले दगडगोटे कसे सरकतात यावर. कुठला दगड कधी उठेल ते सांगता येत नाही, म्हणून त्याने शक्यतांचं गणित मांडलं. थोड्या उड्या, लांबलचक विश्रांती. (आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइलही याच चालीने चालते.)

पण चालतो तेव्हा चालतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ६४ पट वजनाचा दगड हलवू शकतं, असा एक जुना ठोकताळा आहे. मला तो २६ जुलै २००५ला कानांनी कळला. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आम्ही तेव्हा नदीजवळ राहायचो. वीज गेलेली, सगळे दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. खालून रात्रभर आवाज येत होता, यार्डात मालगाडीचं शंटिंग चालू असल्यासारखा. धडाम, मग थोडं थांबून पुन्हा धडाम. आईला वाटलं भिंती पडताहेत. ते नदीतले धोंडे होते.

घरी येऊन लेकीला ओट्यावरचा गोटा दाखवला. आलं-लसूण ठेचायचा, आजीने लग्नानंतर कऱ्हाडहून आणलेला, कृष्णा-कोयनेच्या संगमावरचा. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात, म्हणजे हाही काळा पत्थरच. पण कुठूनही धरा, मुठीत बसतो. किती पावसाळे लागले असतील देव जाणे. तिने आधी तो गालाला लावला, मग नाक मुरडलं. लसणाचा वास.

गेल्या महिन्यात बाथरूमचं काम करणारे मिस्त्रीकाका कुरकुरत होते, ते आज उमगलं. "साहेब, ही कच आहे, गिलाव्याला हात फिरत नाही. रेतीची बात वेगळी." नदीच्या रेतीचा कण घासून घासून गोलसर झालेला असतो. क्रशरमधून आलेल्या कचीला सगळे कोपरे शाबूत. मी तेव्हा त्यांना वाटेला लावलं होतं, मजुरी वाढवायचं निमित्त समजून.

पार्कातला दगड घरी आणला नाही. तिला आणायचा होता, पण तिथून काही उचलायचं नसतं. नेमका जिथे होता तिथेच, सपाट बाजू खाली करून तिने ठेवला.

आत्ता ती खोडरबर घेऊन बसलीय. उगमाजवळचे सगळे बटाटे पुसून कोपऱ्यांचे दगड काढतेय. पुस्तकातल्या चित्रात गोल आहेत, बाई मार्क कापतील म्हणते.

कापू देत म्हटलं.