मुक्ताई, मांडे आणि सहावं प्रकरण

रात्रीचे पावणेबारा. आज नवीन एक ओळ लिहिली नाही, उलट जवळजवळ दोन हजार शब्द उडवले, तरी बरं वाटतंय.

मुक्ताईवरची माझी फँटसी कादंबरी (टीनएजर पोरांसाठी, म्हणजे निदान तसं मी ठरवलंय) सहाव्या प्रकरणात अडली होती. मांड्यांची गोष्ट. विसोबा चाटीने दम भरलेला, संन्याशाच्या पोरांना कोणी खापर द्यायचं नाही, मुक्ता रडत घरी येते, मग ज्ञानदेव जठराग्नी पेटवून पाठ तापवतात आणि ती पाठीवर मांडे भाजते. मी काय केलं, तर पाठीतून निळ्या ज्वाळा, हवेत फिरणारी अक्षरं, वर गडगडाट. निव्वळ व्हिडिओ गेम! दहावीतल्या भाचीने वाचलं आणि एवढंच विचारलं, "पण चटके कोणाला बसले?" झालं, गप्प बसले.

म्हणून आज भुसावळला मावशीकडे गेले. खापरावरचे मांडे खाल्लेत शंभरदा, पण नीट बघितले कुठे होते. मागच्या अंगणात चूल, त्यावर मातीचं खापर पालथं घातलेलं, आणि मावशी पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर असा झुलवत होती की तो वाढत वाढत कोपरापर्यंत आला आणि पलीकडचं दिसायला लागलं. मी व्हिडिओ काढत होते, मध्येच मोबाईल खाली घेतला. ते पालथं खापर म्हणजे वाकून बसलेल्या माणसाची पाठ होती की! तसाच गोल, तसाच उतार. गोष्ट रचणाऱ्याला हे चुलीपुढेच सुचलं असणार असं मला तरी वाटतं, आणि मी इकडे निळ्या ज्वाळा शोधत बसले.

"तापलं का ते हात लावून बघू नको, पाण्याचा शिपका मार, चर्र झालं की टाकायचा," मावशी म्हणाली. झालं माझं काम. मुक्ता भावाच्या पाठीवर पाण्याचा शिपका मारते, चर्र होतं, बस. ज्वाळा कॅन्सल.

चांगदेवचं पण बदलायचंय, त्याला उगाच व्हिलन केलाय. चौदाशे वर्षांचा योगी एवढ्याशा पोराला पत्र लिहायला बसतो आणि चिरंजीव लिहू की तीर्थरूप हेच ठरेना म्हणून कोराच कागद पाठवतो, हा कसला व्हिलन? माझ्याहून सात वर्षांनी लहान बॉसला मेल लिहिताना माझंही तेच होतं. मुक्ता मात्र सोडत नाही, चौदाशे वर्षं जगून कोराच राहिला म्हणते. ज्ञानदेवांनी उत्तराला पासष्ट ओव्या लिहिल्या, पण टीनएजर पोरं मुक्तेचंच वाक्य लक्षात ठेवणार, बघा.

निघताना भाचीचा प्रश्न मावशीला विचारला. ती हसली, बांगड्या मागे सारल्या आणि मनगटं पुढे केली. जुने, काळपट डाग, सात-आठ तरी. "मलाच बसतात की गं."

डब्यात चार मांडे दिले होते. दोन ट्रेनमध्येच संपले.