इजिप्तच्या तिकीटखिडकीवर चालणारं कार्ड: माझा अनुभव

इजिप्तची सहल स्वतः आखायची म्हटलं की लोक व्हिसा आणि विमान या दोनच गोष्टी विचारतात. आमच्या त्या दोन्ही विनासायास झाल्या. इजिप्तचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, मुंबई-कैरो थेट विमान आहे, कागद नीट लावून दिले की काम पुढे सरकतं. आमचं घोडं अडलं ते आपल्याच गावातल्या बँकेत, एका कार्डापायी. त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही आणि अजूनही आठवलं की चीड येते, म्हणून आधी तेच लिहिते.

इजिप्तमधल्या सगळ्या मोठ्या स्मारकांच्या खिडक्यांवर आता रोख पैसे घेत नाहीत. गिझाचे पिरॅमिड, लक्सरचं कर्नाक मंदिर आणि राजांची दरी (जुन्या राजांच्या थडग्यांची जागा), अबू सिम्बेलची मंदिरं, सगळीकडे कार्डच. तेही व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं. खिशात डॉलर असोत की इजिप्शियन पौंड, खिडकीवरचा माणूस हात हलवून मशीनकडे बोट दाखवतो. मग लोक रांगेतल्या एखाद्या परदेशी पाहुण्याला रोख देऊन त्याच्या कार्डावर तिकीट काढायची विनवणी करतात. चार-पाच जणांचं कुटुंब बरोबर असताना ती वेळ कोणावर येऊ नये.

आता आपल्या पाकिटात बघा. सरकारी बँकेच्या बचत खात्यावर मिळणारं डेबिट कार्ड बहुतेक वेळा रुपे असतं. देशात ते उत्तम चालतं, पण त्या खिडकीवर त्याच्या भरवशावर जाऊ नका. यूपीआयचा तर प्रश्नच नाही. कार्ड व्हिसा-मास्टरचं असलं तरी ते हातात घेऊन नीट वाचा: काही कार्डांवर बारीक अक्षरांत ‘फक्त भारतात वैध’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. तसं असेल तर कितीही बटणं दाबलीत तरी ते बाहेर चालणार नाही, कार्डच बदलून घ्यावं लागतं.

कार्डाचा परदेशातला वापर सुरू करून घ्यायला बँकेत गेलो तिथे आमची खरी परीक्षा सुरू झाली. शाखेतलं उत्तर ठरलेलं: ‘कार्ड चालू आहे, काही करायला नको.’ कार्ड चालू आहे हे खरंच होतं, पण देशात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि देशातल्या दुकानांच्या मशीनवर चालतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणं हे ग्राहकाने सांगितल्यावरच सुरू होतं. नियम चांगला आहे, त्याने फसवणूक टळते. राग नियमाचा नाही. काउंटरवरच्या माणसाला तो नियम माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायची तयारीही नव्हती, याचा आहे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून ‘साहेब जेवायला गेलेत’, मग ‘हे काम आमच्याकडे होत नाही, मोठ्या शाखेत जा’. शेवटचं वाक्य मात्र खरं होतं, आणि ते पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. परकीय चलनाचं काम प्रत्येक शाखेत होत नाही, ठरावीक शाखांनाच ते करता येतं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी म्हणूनच थेट जिल्ह्याच्या किंवा पुण्या-मुंबईच्या शाखेत फोन करून ‘फॉरेक्सचं काम होतं का’ एवढंच विचारावं आणि मगच पायपीट करावी.

शेवटी काम झालं ते बँकेच्या अ‍ॅपवरून. तिथेही एक मेख आहे. कार्डाच्या सेटिंगमध्ये देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय असे दोन भाग असतात. आंतरराष्ट्रीय भागात एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि टॅप अशी वेगवेगळी बटणं. चारही हिरवी झाली की माणूस समाधानाने अ‍ॅप बंद करतो. पण प्रत्येक बटणाखाली रोजची मर्यादा असते, आणि ती शून्यावर असू शकते. बटण चालू आणि मर्यादा शून्य, म्हणजे कार्ड बंदच. मर्यादा वाढवून, सेव्ह करून, अ‍ॅपमधून बाहेर पडून पुन्हा आत जाऊन बघा की आकडा टिकलाय का. आमचा पहिल्यांदा टिकला नव्हता, आणि हेल्पलाइनवरचा मुलगा सगळं व्यवस्थित दिसतंय असं शपथेवर सांगत होता. त्याला मर्यादेचा रकाना वाचून दाखवायला लावला तेव्हा कुठे तक्रार नोंदवून घेतली गेली. तुम्हीही तसंच करा: ‘चालू आहे का’ असं विचारू नका, ‘परदेशातल्या दुकानाच्या मशीनवरची रोजची मर्यादा किती रुपये दिसतेय’ असं विचारा.

क्रेडिट कार्ड असेल तर त्याचा पिन तयार केलेला आहे ना, हे बघा. ऑनलाइन आणि टॅपवर वर्षानुवर्षं चालवलेल्या कार्डाचा पिन अनेकांनी कधी बनवलेलाच नसतो.

ओटीपीचं दुखणं वेगळं. पिरॅमिडजवळच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं तिकीट आधीच ऑनलाइन, तारीख आणि वेळ निवडून काढावं लागतं. ते निघण्याआधी घरून काढा. त्यात दोन फायदे: हवी ती वेळ मिळते आणि परदेशी व्यवहार कार्डावर खरंच होतो का याची चाचणी होते. तिथे गेल्यावर काढायचं ठरवलंत तर ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार. ते सिम काढून तिथलं सिम घातलेलं असेल तर ओटीपी नाही आणि बँकेचं अ‍ॅपही उघडत नाही, कारण बहुतेक अ‍ॅपना नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं. उपाय सोपा आहे. आपलं सिम जागेवर ठेवून त्याचं रोमिंग चालू करा आणि इंटरनेटसाठी ई-सिम किंवा फोनचा दुसरा कप्पा वापरा.

घरून केलेली चाचणी फक्त ऑनलाइनची असते, मशीनची नाही. परदेशातलं मशीन भारतात बसून तपासता येत नाही. त्यामुळे कैरो विमानतळावर उतरल्या-उतरल्या दुकानातून पाण्याची बाटली कार्डावर घ्या. अडलं तर तिथे वायफाय आहे, बसायला खुर्ची आहे, फोन करायला वेळ आहे. राजांची दरी सकाळी सहाला उघडते. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे साडेनऊ वाजलेले असतात, शाखा उघडलेली नसते आणि मागे रांग वाढत असते.

दोन बँकांची दोन कार्डं ठेवाच, एक व्हिसाचं आणि एक मास्टरचं. परदेशात एका सकाळी ओळीने चार-पाच व्यवहार झाले की बँकेची यंत्रणा संशयाने कार्ड थांबवू शकते. दुसरं कार्ड म्हणून आम्ही डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड घेतलं. पासपोर्ट, पॅन, विमानाचं तिकीट आणि ए-२ फॉर्म (परकीय चलन घेताना भरायचा अर्ज) एवढ्यावर ते मिळालं. मात्र खर्च इजिप्शियन पौंडात होतो, म्हणून डॉलर ते पौंड बदलाचा आकार त्यावरही लागतो. साध्या कार्डावर हा आकार साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो आणि आकारावर जीएसटी असतो. मशीनवर ‘रुपयांत की पौंडात’ असा पर्याय आला तर डोळे मिटून पौंड निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यातला दर मशीनवाल्याचा असतो आणि तो महाग पडतो.

रोख लागत नाही असं मात्र समजू नका. टॅक्सी, होडी, स्वच्छतागृह, बक्षिसी, सगळं रोखीत चालतं. पाच-दहा-वीस पौंडांच्या नोटा मिळतील तिथे जमवत राहा. डॉलर नेणार असाल तर नोटा कोऱ्या हव्यात, फाटकी किंवा शाईचा डाग असलेली नोट परत हातात येते.

पैशांचं एकदा मार्गी लागलं की उरलेलं आखणं आनंदाचं आहे. मुख्य प्रश्न असतो कुठे काय आहे हा, कारण गेल्या काही वर्षांत सगळं हललं आहे. तूतनखामेन राजाचा सोन्याचा मुखवटा आणि त्याच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू ग्रँड म्युझियममध्ये. सर्वांत मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाची नौका पूर्वी पिरॅमिडच्या शेजारी होती, तीही आता तिथेच. राजांच्या ममी २०२१ मध्ये कैरोतल्या फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात नेल्या. कैरोच्या तहरीर चौकातलं जुनं गुलाबी संग्रहालय तरी सोडू नका: तानिस या प्राचीन शहरातल्या राजथडग्यांतला खजिना तिथे आहे आणि गर्दी पुष्कळ कमी असते. खुद्द तूतनखामेनची ममी मात्र लक्सरला, त्याच्या थडग्यातच आहे.

राजांच्या दरीच्या साध्या तिकिटात तीनच थडगी बघता येतात. तूतनखामेन, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांची तिकिटं वेगळी, आणि ती प्रवेशाच्या खिडकीवरच काढायची. आत थडग्याच्या दाराशी तिकीट मिळत नाही. उन्हात परत यावं लागतं. पैसे मोजायचे असतील तर आधी रामसेस सहाव्यासाठी मोजा. त्याच्या छतावर आकाशदेवी नूत पाठीला पाठ लावून दोनदा रंगवली आहे, संध्याकाळी सूर्य गिळणारी आणि सकाळी त्याला जन्म देणारी. रंग इतके ताजे आहेत की मान दुखेपर्यंत बघत राहावं. सेतीचं तिकीट साध्या प्रवेशाच्या दुपटीहून महाग आहे, पण कोरीवकामाची आवड असलेल्याने ते चुकवू नये. तूतनखामेनचं थडगं लहान आहे, तिथे ममीसाठी जायचं. साध्या तिकिटावरच्या तिनांत गुडघे दुखणाऱ्यांनी रामसेस चौथा घ्यावा, वाट रुंद आणि उतार सौम्य. थुतमोस तिसऱ्याकडे आधी उंच लोखंडी जिना चढून मग खाली उतरायचं असतं.

लक्सरच्या पश्चिम तीरावर आणखी एक चकवा आहे. मेदिनेत हाबू आणि रामेसियम ही मंदिरं, कारागिरांचं गाव देर एल-मदिना, सरदारांची थडगी यांची तिकिटं त्या-त्या जागी मिळत नाहीत. मेम्नॉनच्या पुतळ्यांच्या पुढे एक समाईक खिडकी आहे, सगळी तिथेच काढून मग निघायचं. टॅक्सीवाला सरळ मंदिराच्या दारात उतरवू लागला तर त्याला आधी खिडकीवर न्यायला सांगा. मेदिनेत हाबूला दोन तास तरी द्या.

पिरॅमिडच्या आत जाण्याचं तिकीट प्रवेशापेक्षा वेगळं. खुफूच्या पिरॅमिडमध्ये चढता बोगदा जेमतेम चार फूट उंच आहे, पूर्ण वाकून चढावं लागतं, मग एकदम साडेआठ मीटर उंचीचं दालन उघडतं. वर राजाच्या खोलीत ग्रॅनाइटची रिकामी शवपेटी, चित्रं एकही नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी जाऊ नये. आता गिझाला प्रवेश फयूम रस्त्याकडच्या नव्या दारातून आहे आणि आत विजेच्या बस फिरतात, त्यामुळे ‘घोड्याशिवाय पोचता येत नाही’ असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

अबू सिम्बेल अस्वानपासून २८० किलोमीटर, गाडीने साडेतीन तास. सगळ्या गाड्या पहाटे चारच्या सुमारास निघून एकदमच पोचतात. आल्या-आल्या सगळे रामसेस दुसऱ्याच्या मोठ्या मंदिरात घुसतात. तेव्हा तुम्ही शेजारच्या, त्याची राणी नेफरतारी हिच्या मंदिरात जा, गर्दी ओसरली की मोठ्यात. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात, पण त्या दिवशी मंदिर शांतपणे बघायला मिळत नाही.

नाईलवरची क्रूझ साधारणपणे लक्सरहून अस्वानला चार रात्रींची आणि उलट दिशेने तीन रात्रींची असते. अस्वानजवळ बेटावर असलेल्या फिले मंदिराला जायची होडी मंदिराच्या तिकिटात धरलेली नसते. धक्क्यावर भाव ठरवताना जाणं, थांबणं आणि परत येणं तिन्ही मिळून ठरवा आणि पैसे परत आल्यावर द्या.

ऑक्टोबर ते मार्च सोडून लक्सर-अस्वानचा विचार करू नका, उन्हाळ्यात तिथे चाळिशीच्या वर तापमान असतं. रमजान बघून घ्या, त्या महिन्यात स्मारकं लवकर बंद होतात. कॉलेजातली मुलं बरोबर असतील तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र काढून न्या, तिकीट साधारण अर्धं होतं. ड्रोन घरीच ठेवा, विमानतळावर जप्त होतो. आणि कार्डाची मर्यादा निघायच्या आदल्या रात्री अ‍ॅपमध्ये पुन्हा एकदा उघडून बघा.