सालीखालचा रोव्ह बीटल: ओळखीपासून वर्णनापर्यंत

मुळशी-ताम्हिणी पट्ट्यात रोव्ह बीटल, म्हणजे आखूड पंखकवचांचा भुंगेरा, शोधायचा तर आधी खोड नीट निवडावं लागतं. नुकतं पडलेलं नको, हातात चुरा होणारंही नको. पटाशी घातल्यावर साल सलग सुटते आणि खालचा थर ओलसर, आंबूस वासाचा लागतो, ते लाकूड योग्य. वनखात्याची लेखी परवानगी आधी काढतो. साल उचकटण्यापूर्वी खाली पांढरं कापड अंथरतो, कारण हे भुंगेरे उजेड दिसताच फटीत घुसतात. कापडावर पडलेले ओल्या ब्रशने उचलतो आणि कीटक मारायच्या इथाइल ॲसिटेटच्या बाटलीत टाकतो. त्यात पाय लवचिक राहतात. डीएनएसाठी काही नमुने वेगळे, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये.

पंखांची कवचं आखूड आणि मागे उघडं पोट, एवढ्यावर स्टॅफिलिनिडी हे कुल कळतं. पुढची वाट लांब, कारण या कुलात ६०,००० हून जास्त प्रजाती आहेत. चकचकीत काळा, चपटा, डोक्याच्या पुढच्या कडेला दाते असलेला भुंगेरा सालीखाली मिळाला तर मी आधी प्रायोकायरस ही प्रजातींची जात (जीनस) तपासतो. मग कीटकतज्ज्ञ माल्कम कॅमेरॉन यांचे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'तले खंड (१९३०–१९३९) घेतो. त्यातली वर्णनं दाते, ठिपके, रंग यांवर बरीच विसंबून आहेत. दात्याचं टोक झिजलेलंही असू शकतं, म्हणून एकाच नमुन्यावरून 'नवीन प्रजाती' म्हणणं मला पटत नाही. निदान पाच-सहा नमुने शेजारी ठेवून पाहावेत.

निर्णायक पुरावा बहुतेकदा नराच्या जननांगात, एडीगसमध्ये असतो. वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ होऊ देतो. पोटाचं टोक बारीक सुयांनी सोडवून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतो आणि दर काही मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. स्नायू विरघळले की थांबायचं. रात्रभर ठेवलेले माझे दोन नमुने इतके पारदर्शक झाले की एडीगसच्या आतल्या पिशवीवरचे काटे दिसेनात, आणि ओळख पटवायला नेमके तेच हवे होते. मग पाण्यात धुतो, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवतो, खालून आणि बाजूने अशी दोन चित्रं काढतो. एडीगस जरा जरी तिरपा राहिला तर टोकाचा बाक वेगळा दिसतो आणि चित्र फसवं होतं. काम झालं की तो ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत, मूळ नमुन्याच्याच टाचणीवर.

कॅमेरॉन यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. जवळच्या प्रजातींचे टाइप नमुने (ज्यांच्यावरून त्यांची नावं ठरली ते), निदान त्यांच्या एडीगसचे फोटो, पाहिल्याशिवाय मी नाव ठरवत नाही.

लेबलवर गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख यांसोबत झाडाचं नाव, खोडाचा व्यास आणि कुजण्याची अवस्था लिहितो. नुसतं 'सालीखाली' लिहिलेला नमुना पुढच्या अभ्यासकाला कोणत्या लाकडात शोधायचं ते सांगत नाही.

होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार असलेला एकच नमुना, कोणता आणि तो कुठे ठेवला, हे शोधनिबंधात स्पष्ट लिहावं लागतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. पुण्यात त्यासाठी मी आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात विचारणा करतो. शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी करून तिचा उल्लेख निबंधातच हवा. तो राहिला तर प्राणिनामकरणाच्या नियमानुसार ते नाव प्रसिद्धच झालं नाही असं धरतात.