टॉवर बंद पडल्यावर फोन फोनशी का बोलत नाही?

२२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्यात गेलं, तेव्हापासून हा प्रश्न मला लग्नात, बारशाला, एसटीच्या रांगेत, कुठेही गाठतो. "तुम्ही वायरलेसच शिकवता ना? मग टॉवर गेला तरी माझ्या फोनवरून शेजारच्या, तिथून पुढच्या, असा निरोप का जात नाही?" माझी ताई त्या रात्री माळ्यावर बसून होती. तिचा आवाज ऐकायला मला दोन दिवस लागले, त्यामुळे प्रश्न काही परका नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मुळात फोनला फोन ऐकूच येत नाही. जुन्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो ८९० ते ९१५ मध्ये बोलतो आणि ९३५ ते ९६० मध्ये ऐकतो. टॉवरचं नेमकं उलट. समोरासमोर ठेवलेले दोन फोन म्हणजे तोंडं दोन आणि कान टॉवरकडे. मग उरतं वाय-फाय नाहीतर ब्लूटूथ. मध्ये चिऱ्याची एक भिंत आली की त्यांचा जीव जातो.

समजा, फोन एकमेकांच्या टप्प्यात आले. वाट कोण दाखवणार? एओडीव्ही नावाची २००३ची एक पद्धत आहे: गरज पडली की हाळी द्यायची, "अमका कुणाला ठाऊक आहे का?" ऐकणारा प्रत्येक जण तीच हाळी एकदा पुढे देतो. वर्गात मी हा खेळ मुलांकडून करून घेतो. फक्त कुजबुजायचं, शेजारी बोलत असेल तर गप्प बसायचं. पहिला निरोप झटकन पोचतो. मग एकदम पाच निरोप सोडतो आणि वर्गाची मंडई होते. खांबाच्या दोन बाजूंच्या मुली एकमेकींना ऐकू येत नाहीत, म्हणून दोघी एकाच वेळी मधल्या मुलाच्या कानाशी लागतात. त्याला एकीचंही कळत नाही. आमच्या धंद्यात त्या मुलींना 'हिडन टर्मिनल' म्हणतात.

पियूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली हा गोंधळ गणितात बसवला. असे फोन शंभरपट झाले की प्रत्येकाच्या वाट्याची गती एक दशांशापेक्षाही खाली येते, कारण जो तो दुसऱ्यांचीच ओझी वाहत असतो. दोनच वर्षांनी ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांनी पळवाट दाखवली: माणसं हिंडती असतील आणि थांबायची तयारी असेल, तर वाटा असा घटत नाही. निरोप खिशात ठेवायचा, गाठ पडली की द्यायचा. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरला 'डाकनेट' नावाच्या प्रकल्पाने हेच केलं. बसवर वाय-फायचा डबा, आणि त्यातून जमिनीच्या उताऱ्यांची मागणी गावातून तालुक्याला. एसटीने डबा पाठवणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

बॅटरीचं मात्र गणित मला अजून पटलेलं नाही. अनोळखी माणसाचा निरोप वाहायला फोन सतत कान टवकारून जागा हवा, आणि पुरात चार्जिंग कुठलं? शोधनिबंधांत यावर बक्षिसं, गुण, उधारी असं बरंच काही असतं. ताईला मी एकदा हे सगळं रंगवून सांगितलं.

"माझा फोन मी बंदच करून ठेवला होता," ती म्हणाली. "बारा टक्के होते. सकाळसाठी."